वाढत जाणारं ऑइल

गाडी जागेवर उभी असताना इंजिनाचा आवाज एका पातळीवर राहिला पाहिजे. तो वर चढला, खाली उतरला, आता बंद पडणार असं वाटताना पुन्हा वर चढला, असं कानावर आलं की अजूनही मी हातातलं काम टाकून त्या गाडीकडे जातो. गाडी कोणाची, कुठून आली, काही विचारत नाही. आधी बॉनेट उघडायला लावतो. गिऱ्हाइकं हसतात, म्हातारा चक्रम आहे म्हणतात. म्हणू देत. हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तो चक्क आवडला होता आणि त्याची मला आजही लाज वाटते.

नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. शेवगावात माझं गॅरेज होतं, पत्र्याचं, पुढे लिंबाचं झाड आणि शेजारी चहाची टपरी. आमच्या बौद्धवाड्यात स्वतःचं गॅरेज टाकणारा मी पहिलाच. वडिलांनी सगळा जन्म दुसऱ्याच्या शेतात सालगडी म्हणून काढलेला, त्यामुळे माझी मान जरा जास्तच ताठ असायची. जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, जे येईल ते मी करायचो. कार्ब्युरेटर लावण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजणारं भांडं. त्याचे दोन स्क्रू मी नुसत्या कानाने लावायचो. लोक म्हणायचे, मिस्त्रीच्या कानाला मशीन लावलंय. मीही ते खरं मानायला लागलो होतो.

गावातल्या डॉक्टरबाईंकडे तेव्हा एक परदेशी गाडी आली. त्यांचे भाऊ सिंगापूरला नोकरीला होते, ते परत येताना घेऊन आले आणि पुन्हा तिकडे जाताना बहिणीला देऊन गेले. आठ-नऊ वर्षं वापरलेली, पांढरी, दिसायला देखणी. तिला कार्ब्युरेटरच नव्हता. टाकीतला पंप पेट्रोल दाबाने पुढे पाठवायचा आणि किती पेट्रोल इंजिनात सोडायचं ते सीटखालचा छोटा कॉम्प्युटर ठरवायचा. तिला इंजेक्शनची गाडी म्हणतात हे कळल्यावर टपरीवर महिनाभर करमणूक झाली. बाई पेशंटला टोचतात ते टोचतात, आता गाडीलाही टोचायला लागल्या, वगैरे.

बाई कडक होत्या, पण गावातली अर्धी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. माझी दोन्हीही. अडलेली बाई नगरला न्यायची वेळ आली की त्या स्वतःच्या गाडीत घालून पाठवायच्या. एसटीत किंवा जीपमध्ये असं माणूस नेता येत नाही, हे त्यांचं म्हणणं. म्हणून ती गाडी धड चालणं ही काही नुसती बाईंच्या हौसेची गोष्ट नव्हती.

गाडी चालवायला त्यांनी पाथर्डीकडचा एक ड्रायव्हर ठेवला होता. तिशीतला, सडपातळ, बोलायला कमी. त्याच्या घरचे सगळे दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. त्याने मात्र ड्रायव्हिंग शिकून घेतलं, बायकोला आणि पोरीला शेवगावात आणलं, खोली केली, पोरीला शाळेत घातलं. एकदा चहा पिताना मला म्हणाला, "मिस्त्री, हातात स्टेरिंग हाय तवर माझी पोरगी शाळंत हाय." मी हसून त्याची पाठ थोपटली होती.

उन्हाळ्यात तो पहिल्यांदा गाडी घेऊन आला. "थांबली की बंद पडती, मिस्त्री. आन गरम झाली की सुरू व्हायला लई छळती. काळा धूर टाकती."

मी बॉनेट उघडलं. इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि तो आवाज ऐकला. वर, खाली, वर, खाली. मला वाटलं, कॉम्प्युटर विचार करतोय. यंत्र स्वतःचं स्वतः शोधतंय, हे पाहून मी हरखून गेलो. मग मी जे आयुष्यभर करत आलो तेच केलं. बाजूला हवेचा एक स्क्रू दिसला, तो अर्धा फेरा उघडला. रेस वाढली, इंजिन बंद पडायचं थांबलं. दहा मिनिटांत काम खलास.

तो मात्र तिथेच उभा. "पेट्रोलचा वास येतोय, मिस्त्री."

"गॅरेजात पेट्रोलचा नाही तर काय मोगऱ्याचा येणार?" मी म्हणालो. टपरीवरचे हसले. तोही ओशाळून हसला आणि गाडी घेऊन गेला.

आता सांगायला काय, पण त्या दिवशी मी आजार बरा केला नव्हता. आजाऱ्याचं तोंड दाबलं होतं. कार्ब्युरेटरवर हात बसलेला माणूसच ही चूक करणार. इंजिन बंद पडतंय ना, मग स्क्रू पीळ. ते का बंद पडतंय हे विचारायची मला सवयच नव्हती.

पंधरा-वीस दिवसांनी तो परत आला. या वेळी गाडी बंद पडत नव्हती. तरी चेहरा उतरलेला. त्याने ऑइल मोजायची पट्टी इंजिनातून ओढून माझ्यासमोर धरली. "मिस्त्री, ऑइल वाढतंय."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. इंजिनातलं ऑइल कमी होतं, जळतं, गळतं. ते वाढत नाही. पट्टीवर पाहिलं तर खुणेच्या वर चांगलं दोन बोटं. मी म्हणालो, "कुठल्या शहाण्याने जास्त भरलंय?"

"कुनीच न्हाई. म्या रोज सकाळी बघतो. रोज उलिसं वर येतंय."

मी त्याला वेड्यात काढलं. खालचा बोल्ट सैल करून जादा ऑइल डब्यात सोडलं. ते भराभर पडलं, पाण्यासारखं. ऊन कडक होतं, म्हणून पातळ झालं असेल असं मी धरलं. ते माझ्या हातांवरून वाहिलं. त्याला कसला वास येतो हे मी पाहिलंच नाही, कारण माझ्या हातांना वर्षानुवर्षं तोच वास येत होता. पुढे कित्येक दिवस मला ते डब्यात पडतानाचं ऑइल आठवायचं.

आषाढात एक प्रसंग घडला. मिरीकडची एक बाळंतीण अडली होती. बाईंनी तिला आणि तिच्या नवऱ्याला गाडीत घालून नगरला धाडलं. करंजीचा घाट चढून गाडी वर आली, तेवढ्यात समोर ट्रक आडवा झाला म्हणून थांबवावी लागली. इंजिन बंद केलं ते पुन्हा सुरू होईना. तापलेलं इंजिन, बंद काचा, मागे कण्हणारी बाई. नवऱ्याने घाबरून बिडी काढली आणि काडी ओढायला घेतली. ड्रायव्हरने मागे वळून त्याच्या हातावर फटका मारला. बिडी पडली, काडेपेटी पडली. "गाडीत जाळ करू नगा," एवढंच तो बोलला. थोड्या वेळाने गाडी सुरू झाली, काळ्या धुराचा लोट सोडत. बाई वाचली, मूलही वाचलं.

नवऱ्याने परत आल्यावर डॉक्टरबाईंकडे तक्रार केली की तुमच्या ड्रायव्हरने माझ्यावर हात टाकला. बाईंनी ती मनात ठेवली. मला हे टपरीवर कळलं तेव्हा मीही म्हणालो, फार माजलाय. त्या गाडीत काय साचत होतं हे तालुक्यात एकाच माणसाला कळलं होतं, नाकाने. आणि त्याच्या नाकावर कोणाचा विश्वास नव्हता.

पोळ्याच्या सुमाराला बाई स्वतः गॅरेजवर आल्या. मागून ड्रायव्हर. बाजाराचा दिवस, टपरी भरलेली. बाई सरळ बोलणाऱ्या, आडपडदा नाही. म्हणाल्या, "मिस्त्री, गाडी पूर्वीच्या दुप्पट पेट्रोल घेते. याच्या कपड्यांना पेट्रोलचा वास येतो. हा म्हणतो गाडीलाच वास येतो. एक तर गाडीत दोष आहे, नाहीतर याच्यात. तुम्ही बघून सांगा."

त्या न्यायानेच वागत होत्या. जाणकार म्हणून माझ्याकडे आल्या होत्या. तेवढ्याने मी फुगलो.

नुकताच मी पुण्याला एका ओळखीच्या गॅरेजात तीन दिवस काढून इंजेक्शनच्या गाड्यांचं थोडंफार शिकून आलो होतो. वहीत लिहून आणलं होतं. बॉनेटखालच्या एका डबीतली दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडायची, चावी फिरवायची आणि समोरचा पिवळा दिवा कसा मिचकतो ते मोजायचं. थांबून थांबून मिचकला तर त्या आकड्याचा दोष. एकसारखा मिचकत राहिला तर सगळं ठीक. मी वही काढली, तार काढली. सगळी टपरी उठून गाडीभोवती जमली. दिवा मिचकला. एकसारखा, न थांबता.

"कॉम्प्युटर म्हणतोय दोष नाही," मी जाहीर केलं. "आणि कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, बाई."

ड्रायव्हरचा चेहरा पडला. "मिस्त्री, ऑइल तर बघा. लई वाढलंय."

"गाड्या ऑइल खातात रे," मी म्हणालो, "तुझी एकटीच ऑइल विते का?" लोक खदखदून हसले. एवढ्या मोठ्याने की बाईंनाही तोंड फिरवून हसू दाबावं लागलं.

तो हसला नाही. त्याने पायातल्या चपला काढल्या आणि अनवाणी उभा राहून म्हणाला, "म्या बेलभंडारा उचलतो, बाई. चला आमच्या देवाम्होरं. हातात बेलभंडारा घिऊन सांगतो, थेंबभर पेट्रोल घेतलं असंल तर माझं वाटोळं व्हईल."

आमच्या भागात बेलभंडारा उचलणं म्हणजे शेवटचा शब्द. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन देवासमोर माणूस खोटं बोलत नाही, असं धरतात. पंचही त्यापुढे विचारत नाहीत. पण बाई शिकलेल्या आणि मी देव सोडलेल्या घरातला. बाई म्हणाल्या, "मला शपथ नको, पुरावा हवा." मी मान डोलावली. आम्हा दोघांना त्या क्षणी आपण फार पुढारलेले आहोत असं वाटत होतं. त्या गाडीपाशी खरं बोलणारा तो एकटाच होता.

त्याने चावी बॉनेटवर ठेवली, चपला हातात घेतल्या आणि बाजारातून चालत गेला. मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर त्याने जीपवाल्यांकडे काम मागितलं. शेवगाव-पाथर्डी रस्त्यावर तेव्हा जीपांची रांग असायची. पण पेट्रोलचोर हा शब्द त्याच्या आधी पोचला होता. कोणी त्याच्या हातात चावी दिली नाही. पंधरा दिवसांत खोली सोडून तो बायको-पोरीसकट गावाकडे गेला.

बाई स्वतःच गाडी चालवायला लागल्या. रोज सकाळी माझ्या गॅरेजवरून जायच्या. टपरीपाशी वेग कमी केला की मला तो आवाज ऐकू यायचा. वर, खाली, वर, खाली. पुन्हा सुरू झाला होता. ड्रायव्हर गेल्यावरही गाडी तेवढंच पेट्रोल पीत होती की नाही, हे मी बाईंना विचारलं नाही. त्याही बोलल्या नाहीत. पेशंट वाढलेत, फेऱ्या वाढल्यात, असं त्यांनी धरलं असावं. मला मात्र तो आवाज नकोसा व्हायला लागला. गाडी येताना दिसली की मी आत जाऊन ऐरणीवर काहीतरी ठोकत बसायचो. मनात कुठेतरी कळत होतं की यातून काहीतरी वाईट निघणार आहे, आणि ते माझ्याच दारात येणार आहे.

दसरा झाला आणि ते आलं. दुपारची वेळ. एका जीपने बाईंची गाडी दोराने ओढत आणली. तिसगावच्या पुढे इंजिन आतून ठोकायला लागलं आणि बंद पडलं. नशीब, गाडीत पेशंट नव्हता. बाई गाडी सोडून त्याच जीपने दवाखान्यात गेल्या.

मी खाली झोपून बोल्ट काढला. ऑइल धो धो आलं. एक डबा भरला, दुसरा भरला, तरी येतच होतं. इंजिनात मावतं त्याच्या जवळजवळ दीडपट. मी बोटं बुडवून नाकाशी नेली. निम्मं पेट्रोल होतं. ठिणगी पडली असती तर ते इंजिन बॉम्ब झालं असतं.

मग मी एकेक नळी काढत गेलो. इंजिनात पेट्रोल उडवणाऱ्या इंजेक्टरांच्या टोकाला पेट्रोलचा दाब सांभाळणारी एक डबी असते, मुठीएवढी. तिच्या आत रबराचा पडदा. डबीच्या डोक्यावरून एक बारीक नळी इंजिनाच्या हवेच्या वाटेला जाते. त्या नळीत फक्त हवा असायला हवी, बाकी काही नाही. मी पंप चालू केला आणि नळी उपटली. माझ्या तळहातावर पेट्रोल पडलं. आधी थेंब, मग धार.

पडदा फाटला होता. चुकार पेट्रोल त्या नळीतून इंजिनात जात होतं, कॉम्प्युटरने दिलेल्याच्या वर. न जळता खाली उतरून ऑइलमध्ये मिसळत होतं, म्हणून ऑइल वाढत होतं. गरम गाडी थांबली की ते आत साचायचं, म्हणून ती सुरू होत नव्हती आणि काळा धूर टाकायची. आणि त्या सालच्या त्या गाडीच्या कॉम्प्युटरला धूर हुंगायची सोयच नव्हती. त्याला जेवढं माहीत होतं तेवढं त्याने खरं सांगितलं होतं. नळी उपटून हात ओला होतो का पाहणं, एवढंच काम होतं. दोन मिनिटांचं. उन्हाळ्यातच करायला हवं होतं.

संध्याकाळी बाई आल्या. "काय झालं?"

"ऑइल पातळ झालं होतं," मी म्हणालो. "बेअरिंग गेलं."

"पातळ कसं होईल?" त्या म्हणाल्या. "त्यानेच जाताना काहीतरी ओतलं असणार. रॉकेल वगैरे. सूड म्हणून."

मी काहीच बोललो नाही. इतकी वर्षं झाली, पण तो क्षण माझ्याकडून गिळला जात नाही. तोंड उघडायचं होतं फक्त. टपरीवरचे चार लोक ऐकत होते. ज्यांच्यासमोर मी वही काढून मिरवलो होतो, तेच. मी फडक्याने हात पुसत राहिलो.

रोज ठरवायचो, आज सांगू. मग कोणी ट्रॅक्टर घेऊन यायचं, मग अंधार पडायचा. बायको विचारायची, जेवत का नाही. मी तिच्यावरच खेकसायचो.

दहाव्या दिवशी बाईंनी दवाखान्यात बोलावलं. समोर कागद ठेवला. "मी पोलिसात तक्रार देते आहे. ऑइलमध्ये काय मिसळलं होतं ते तुम्ही जाणकार म्हणून लिहून द्या. एवढ्यावर सोडलं तर तो उद्या दुसऱ्याची गाडी जाळेल."

मी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. मग सगळं सांगितलं. पडदा, नळी, वाढणारं ऑइल, उन्हाळ्यातला तो डबा, आणि हे मला दहा दिवसांपासून माहीत आहे हेसुद्धा. बाहेर बाकावर पेशंट होते, दार उघडं होतं. मी आवाज खाली आणला नाही.

बाईंनी समोरचा कागद उचलला. मग त्यांनी तो फाडला. "जा, त्याला घेऊन या," त्या म्हणाल्या. "म्हणावं, बाई चुकल्या. उद्यापासून कामावर ये. नको, आल्यावर मीच सांगते, बाजारात, सगळ्यांसमोर." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी तशीच मोटारसायकल काढली. पाथर्डीच्या पुढे डोंगराकडे त्याचं गाव. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होतो, त्याच्या पाया पडायचं की नाही याचा विचार करत होतो. गावात शिरलो तर निम्म्या घरांना कुलपं. त्याच्या दारात एक म्हातारी शेंगा फोडत बसलेली, त्याची आई. मी नाव-गाव सांगायच्या आत तिने माझ्या कपड्यांवरचे काळे डाग पाहिले.

"तुमी शेवगावचं मिस्त्री का?"

"व्हय."

"घावलं का काय गाडीत?"

मी मान हलवली.

म्हातारी हसली. बोळकं उघडून, मनापासून. "त्यो म्हनलाच हुता. मिस्त्री शिव्या दितो, पर त्येच्या हाताखाली गाडी एकडाव उघडली की त्येला घावल्याबिगर ऱ्हायचं न्हाई. मंग बाई बोलावत्याल. महिनाभर रोज रस्त्याला जाऊन बसायचा. मुकादम तोडीला चल म्हनून मागं लागला, तर त्याला बी म्हनायचा, थांबा, शेवगावास्नं निरोप यायचाय. मुकादमानं बी किती थांबावं? श्येवटी गेला. बायकू आन पोरगी बी गेली संगं."

मी विचारलं, ऊसतोडीचा ट्रक कधी गेला.

"आज चवथा दिस," म्हातारी म्हणाली आणि मला पाणी आणायला आत गेली.

मी दारात उभं राहून दिवस मोजले. माझा हात पेट्रोलने ओला झाला त्यानंतर सहा दिवस तो इथेच होता, आणि रोज रस्त्याला जाऊन माझ्या निरोपाची वाट बघत बसत होता.